वाळूचे मोल

महाड-पोलादपूरकडच्या डोंगराळ गावांत वीज पोहोचण्यापूर्वी लग्नाची वरात किंवा देवाची पालखी निघाली, म्हणजे तिच्यापुढे गॅसबत्त्या चालत. त्या बत्तीच्या काचेआड एक पांढरी जाळीदार पिशवी असे. तिला मेंटल म्हणत. बोट लागताच चुरा व्हावा इतकी ती नाजूक. पण रॉकेलची वाफ पेटली की तिच्यातून डोळे दिपविणारा शुभ्र प्रकाश बाहेर पडे. तो प्रकाश कापडाचा नव्हता. ते कापड थोरियम नावाच्या धातूच्या क्षारात बुडविलेले असे व त्यात सेरियम ह्या दुसऱ्या धातूचा थोडासा क्षार मिसळलेला असे. कापड जळून जाई आणि मागे उरलेला थोरियमचा सांगाडा तापून तळपत राही. हे थोरियम ज्या वाळूत सापडते, ती वाळू भारताच्या दक्षिण किनाऱ्यावर मुबलक पडलेली होती. तिच्यातून थोरियम काढण्याची विद्या मात्र परदेशांतील कारखानदारांपाशी होती. ती विद्या भारतात यावी ह्यासाठी ज्यांनी सतत उद्योग केला, ते शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. होमी जहांगीर भाभा.

होमी भाभा ह्यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबई येथे एका सुशिक्षित पारशी कुटुंबात झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी शोम्बर्ग नावाच्या एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेले पिवळसर चकचकीत कण दिसले. ते कण मोनाझाइट ह्या खनिजाचे होते. काथ्याबरोबर नकळत परदेशी गेलेल्या त्या वाळूचा माग काढीत व्यापारी त्रावणकोरच्या किनाऱ्यावर येऊन पोहोचले. मणवालकुरिची व चवरा येथील वाळू पोत्यांत भरून जहाजांवर चढू लागली. वाळू स्वस्तात जाई. तिच्यापासून निघालेल्या वस्तू मात्र महाग विकल्या जात.

होमींचे बालपण ग्रंथ, चित्रे व पाश्चात्त्य संगीत ह्यांच्या सहवासात गेले. शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांनी टाटांच्या जमशेदपूर येथील पोलादाच्या कारखान्यात काम करावे, असा वडीलधाऱ्यांचा मनोदय होता. म्हणून १९२७ साली त्यांना यंत्रविद्या शिकण्यासाठी केंब्रिजला पाठविण्यात आले. तेथे त्यांचे मन पदार्थविज्ञानाकडे ओढ घेऊ लागले. त्यांनी वडिलांना तसे मोकळेपणाने कळविले. वडीलही विचारी होते. यंत्रविद्येच्या परीक्षेत प्रथम वर्ग मिळविल्यास पुढे मनाजोगा अभ्यास करण्यास त्यांनी संमती दिली. १९३० साली होमींनी तो वर्ग मिळविला व ते मोकळे झाले. पुढील काही वर्षांत विश्वकिरणांवरील त्यांच्या संशोधनाने युरोपातील मोठमोठ्या शास्त्रज्ञांत त्यांचे नाव झाले.

१९३९ मध्ये ते सुट्टीसाठी मायदेशी आले असता महायुद्ध पेटले आणि परत जाणे लांबले. बंगळूर येथील विज्ञानसंस्थेत ते काम करू लागले. ह्या मुक्कामात त्यांचा विचार बदलला. परदेशातील सुसज्ज प्रयोगशाळेत जाऊन बसण्यापेक्षा तशी प्रयोगशाळा येथेच का उभारू नये, असे त्यांना वाटू लागले. १९४४ च्या मार्च महिन्यात त्यांनी टाटा विश्वस्तनिधीस पत्र लिहिले आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. मुंबईत पेडर रोडवरील केनिलवर्थ नावाच्या बंगल्याच्या एका भागात तिचे काम चाले.

१९४५ मध्येच जपानवर अणुबाँब पडले व थोरियमकडे पाहण्याची जगाची दृष्टी पालटली. थोरियम स्वतः अणुइंधन नव्हे. परंतु अणुभट्टीत ठेवल्यास त्यातून इंधन तयार होते. आजवर दिव्यांसाठी लागणारी वाळू आता बलाढ्य राष्ट्रांना हवीशी झाली. १९४६ मध्ये तिच्या निर्यातीवर बंदी आली. १९४८ मध्ये स्वतंत्र भारताने अणुशक्ती आयोग नेमला व त्याचे अध्यक्षपद अवघ्या अडतीस वर्षांच्या भाभांकडे आले.

केवळ बंदी घालून भागणार नाही, हे भाभा जाणून होते. पेटीत कुलूपबंद ठेवलेले धान्य जसे कुणाचेही पोट भरीत नाही, तशी किनाऱ्यावर राखून ठेवलेली वाळू देशाच्या काहीच उपयोगी पडणार नव्हती. मोनाझाइटच्या शंभर भागांत थोरियमची भस्मे सुमारे आठ-नऊ भाग असतात, आणि निम्म्याहून अधिक भाग विरल मृत्तिका ह्या गटातील धातूंची भस्मे असतात. हे नाव मोठे फसवे आहे. ह्या गटात सतरा मूलद्रव्ये येतात आणि त्यांतील सेरियमसारखे मूलद्रव्य पृथ्वीच्या कवचात जवळजवळ तांब्याइतके आढळते. विरळ आहे ती त्यांना एकमेकांपासून वेगळे करण्याची हातोटी. जुळ्या भावंडांप्रमाणे त्यांचे रासायनिक गुणधर्म इतके सारखे, की एकाला बाजूला काढावे तर दुसरे त्याच्याबरोबर येते. तीच ती क्रिया शेकडो वेळा करावी, तेव्हा कोठे शुद्ध धातू हाती लागतो. हे कसब ज्या देशापाशी आहे, त्याच्याच हाती वाळूचे मोल.

भाभांनी दोन्ही बाजूंनी कामास हात घातला. देशात अशी खनिजे कोठे व किती आहेत, ह्याचा शोध घेण्यासाठी १९४९ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ दाराशा वाडिया ह्यांच्या नेतृत्वाखाली एक पथक स्थापन झाले. दुसरीकडे, मोनाझाइटवर येथेच प्रक्रिया करण्यासाठी फ्रान्समधील तज्ज्ञ कंपन्यांचे साहाय्य घेण्यात आले. १८ ऑगस्ट १९५० रोजी भारत सरकार व त्रावणकोर-कोचीनचे सरकार ह्यांनी मिळून इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन केली.

कंपनीचा कारखाना उभा राहण्यापूर्वीच देशाच्या निश्चयाची कसोटी लागली. १९५० च्या अखेरीस अवर्षण व पूर ह्यांमुळे धान्याचा मोठा तुटवडा पडला. भारताने अमेरिकेकडे २० लाख टन गहू मागितला. तेथील विधिमंडळातील काही सभासदांनी अशी अपेक्षा व्यक्त केली, की गव्हाच्या मोबदल्यात भारताने मोनाझाइट द्यावे. केंद्रीय अर्थखाते तेव्हा महाड तालुक्यातील नाते गावी जन्मलेल्या चिंतामणराव देशमुखांकडे होते. (केंब्रिज येथे त्यांनीही वनस्पतिशास्त्राबरोबर रसायन व भूगर्भशास्त्र ह्यांचा अभ्यास केला होता.) एका पारड्यात भुकेलेली माणसे व दुसऱ्या पारड्यात वाळू, असा तो प्रसंग होता. वाळू देऊन टाकणे सोपे होते, आणि तसे केल्याबद्दल उपाशी माणसांनी कोणालाही दोष दिला नसता. परंतु अण्वस्त्रांसाठी उपयोगी पडेल असा माल देण्याचे बंधन पंतप्रधान नेहरूंनी मान्य केले नाही. काही महिने वाटाघाटींत गेले. अखेर १९५१ च्या जून महिन्यात १९ कोटी डॉलरांचे कर्ज मंजूर झाले आणि गहू आला. वाळू किनाऱ्यावरच राहिली.

१९५२ च्या डिसेंबरमध्ये केरळातील पेरियार नदीच्या काठी आलुवा येथील कारखाना पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाला. वर्षाला १,५०० टन मोनाझाइटवर प्रक्रिया करण्याची त्याची योजना होती. किनाऱ्यावर चुंबकांच्या व इतर साधनांच्या योगे निरनिराळे कण वेगळे करून मोनाझाइट येथे आणीत. त्याची पूड कॉस्टिक सोड्याच्या कढत द्रावणात शिजवीत. त्यातील फॉस्फेट पाण्यात उतरून बाहेर पडे व तेही विकले जाई. मग राहिलेल्या चोथ्यावर आम्लाची क्रिया करून विरल मृत्तिकांचे क्षार विरघळवून घेत. उरलेला थोरियमयुक्त भाग मुंबईस तुर्भे येथे येई. तेथे १९५५ पासून त्याचे थोरियम नायट्रेट बनू लागले. गॅसबत्तीच्या मेंटलला लागणारा क्षार तो हाच.

भाभांची दृष्टी त्याही पलीकडे होती. भारतात युरेनियम थोडे आणि थोरियम विपुल, म्हणून तीन पायऱ्यांनी थोरियमपर्यंत पोहोचण्याची योजना त्यांनी १९५४ मध्ये मांडली. तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही पहिली अणुभट्टी सुरू झाली. ह्या धामधुमीतही त्यांचे कलावंत मन जागे असे. ते उत्तम चित्रे काढीत. केंद्राच्या आवारात कोणते झाड कोठे असावे, हेही ते स्वतः पाहत. ते अविवाहित होते. संस्था हाच त्यांचा संसार. हाताखाली माणसे निवडताना मात्र ते फार चोखंदळ असत.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्ना येथील सभेसाठी जात असता त्यांचे विमान आल्प्समधील माँ ब्लाँ शिखराजवळ कोसळले. त्या वेळी त्यांचे वय केवळ छप्पन्न वर्षांचे होते. १९६७ मध्ये तुर्भ्याच्या केंद्रास त्यांचे नाव देण्यात आले.

थोरियमवर चालणारी मोठी वीजकेंद्रे त्यांच्या अपेक्षेप्रमाणे लवकर उभी राहिली नाहीत. ती अद्याप व्हावयाची आहेत. उलट, त्यांच्या काळी थोरियमच्या मागे दुय्यम गणल्या गेलेल्या विरल मृत्तिकांना पुढे अपार महत्त्व आले. निओडिमियमपासून बनणारे प्रबळ चुंबक विजेच्या मोटारींत व पवनचक्क्यांत लागतात. मोनाझाइटचा मोठा साठा असूनही भारत ह्या कामात मागे पडला. चीनने मात्र शुद्धीकरणाची विद्या चिकाटीने आत्मसात केली व जगातील बहुतेक काम आपल्याकडे ओढून घेतले. १९५१ मध्ये भारतापाशी वाळू होती व ती मागणारे दारी आले होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने काही विरल मृत्तिकांच्या व चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा भारतातील मोटार-कारखानदारांना चुंबकांसाठी परवान्यांची वाट पाहावी लागली.

१९५० मध्ये स्थापन झालेली ती कंपनी आजही चालू आहे व तिचे मुख्य कार्यालय मुंबईत प्रभादेवी येथे आहे. ओडिशातील छत्रपूर येथे मोनाझाइट फोडून त्यातील क्षार काढतात आणि पेरियारकाठच्या जुन्या कारखान्यात त्यांचे शुद्धीकरण होते. २०२३ मध्ये तिचा चुंबकांचा कारखाना विशाखापट्टणम येथे राष्ट्राला अर्पण झाला. वर्षाला ३,००० किलो चुंबक तयार करण्याची त्याची क्षमता आहे, आणि तो भाभांच्याच नावाच्या संशोधन केंद्राच्या आवारात उभा आहे.