बटाट्यामागची बातमी

बटाटा म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातली अडीअडचणीला धावून येणारी भाजी. पण १९५९ साली दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीयांनी बटाट्यावरच बहिष्कार घातला. कारण बटाट्याच्या शेतांवर मजुरांना गुरांसारखं राबवलं जायचं. रात्री त्यांना कोंडून ठेवत, अंगावर कपडे म्हणून गोणपाट! बेथाल भागातलं हे वास्तव बहिष्काराच्या बारा वर्षं आधी, १९४७ मध्ये, जगापुढे आणणाऱ्यांत एक बाविशीची पत्रकार होती. तिचं नाव रूथ फर्स्ट.

रूथचा जन्म ४ मे १९२५ चा, जोहान्सबर्गचा. घर गोऱ्या ज्यू स्थलांतरितांचं, वडिलांचा फर्निचरचा कारखाना. म्हणजे खाऊनपिऊन सुखी. विद्यापीठातून बाहेर पडल्यावर तिला नगरपालिकेच्या समाजकल्याण विभागात नोकरीही मिळाली. पण ती सोडून रूथ वर्तमानपत्रात आली. वर्णभेदी सरकार तिच्या पत्रावर बंदी घालायचं, की हीच मंडळी नवं नाव घेऊन पुन्हा अंक काढायची. १९४९ मध्ये तिने जो स्लोव्हो या वकील कार्यकर्त्याशी लग्न केलं. तीन मुली झाल्या. घर, मुली, बातम्या आणि पोलिसांच्या झडत्या, सगळं एकदमच चालू होतं.

ऑगस्ट १९६३ मध्ये तिला अटक झाली. खटला न भरता नव्वद दिवस डांबून ठेवण्याचा कायदाच होता तेव्हा. नवरा आधीच देशाबाहेर गेलेला, थोरली मुलगी तेरा वर्षांची. मुलींना आजीने सांभाळलं. नव्वद दिवस भरले, रूथ बाहेर आली, फोन करायला रस्त्यावरच्या बूथपाशी गेली, तर तिथेच पुन्हा अटक! एकांतवासात, आपल्या तोंडून सोबत्यांची नावं निघतील या धास्तीने ती जीव द्यायला निघाली होती. त्यातूनही वाचली. ११७ दिवसांनी सुटली आणि १९६४ मध्ये मुलींना घेऊन इंग्लंडला गेली. कोठडीतले ते दिवस तिने पुढच्याच वर्षी पुस्तकात मांडले.

इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठात तिने विकासाच्या प्रश्नांचं समाजशास्त्र शिकवलं. पण जीव आफ्रिकेतच अडकलेला. १९७७ मध्ये ती नुकत्याच स्वतंत्र झालेल्या मोझांबिकला गेली. मापुतोच्या एदुआर्दो मोंडलेन विद्यापीठात संशोधनाची सूत्रं हाती घेतली. तिथले पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत मजुरीला जायचे, मागे बायका शेती ओढायच्या. कागदावर योजना आखण्याआधी या घरांत जाऊन विचारा, हा तिचा आग्रह. विद्यार्थ्यांना ती वर्गातून उठवून थेट गावात न्यायची.

१७ ऑगस्ट १९८२. विद्यापीठातल्या कचेरीत आलेलं टपाल तिने उघडलं आणि स्फोट झाला. दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांनीच तो बॉम्ब पाठवला होता. रूथ जागीच गेली. वय ५७. मुलींचा विरोध असूनही २००० साली गुन्हेगारांना माफी मिळाली.

आई आपल्या वाट्याला कमी आली, ही सल मुलींनी लपवली नाही. थोरल्या शॉनने चित्रपट लिहिला, मधल्या जिलियनने पुस्तक. दोघींनी आईला देव्हाऱ्यात बसवलं नाही, तिच्यावरचा रागही मांडला आणि प्रेमही. खरं सांगायचं ते सगळं सांगायचं, हा वारसा मात्र आईचाच.