प्रयोग सुरू असताना बाळाला जन्म दिला, हे सगळ्यांना माहितीये. पण विठाबाईंचं पुढं काय झालं?

श्रद्धा कपूर विठाबाई नारायणगावकरांची भूमिका करतेय आणि त्या सिनेमाचं शूटिंग नाशिकजवळ सुरू आहे, अशा बातम्या 2025 मध्ये आल्या. लगेच विठाबाईंचे जुने फोटो आणि त्यांचा 'तो' किस्सा व्हॉट्सॲपवर फिरायला लागला. पोटुशी बाई, भरात आलेला तमाशा आणि स्टेजच्या मागं झालेलं बाळंतपण.

किस्सा जबरदस्त आहेच. पण विठाबाई म्हणजे तेवढी एक रात्र नव्हे. त्यामागं अख्खं आयुष्य आहे, आणि त्या आयुष्याचा शेवट फारसं कुणी फॉरवर्ड करत नाही.

सुरुवात नारायणगावपासून करावी लागेल.

पुणे-नाशिक हायवेवर जुन्नर तालुक्यातलं हे गाव लागतं. टोमॅटोच्या मार्केटसाठी ते प्रसिद्ध आहे, पण त्याची जुनी ओळख म्हणजे तमाशाची पंढरी. यात्रा-जत्रांचा हंगाम आला की इथं फडांच्या राहुट्या लागतात. पुणे, नगर, नाशिककडच्या गावांचे कारभारी येतात, राहुट्या फिरतात, घासाघीस करतात आणि आपल्या जत्रेसाठी फडाला सुपारी देऊन जातात. हा सगळा कारभार ज्या गावाच्या नावावर चालतो, त्या गावाचं नाव मोठं करण्यात खुडे घराण्याचा वाटा मोठा आहे.

नारायण खुडे यांनी फड सुरू केला. पुढं त्यांची मुलं भाऊ आणि बापू यांनी तो गाजवला. फडाचं नाव होतं भाऊ-बापू मांग नारायणगावकर. जात लपवायची नाही, ती थेट बोर्डावर लिहायची, असा तो फड. ज्या समाजाला गावानं वेशीबाहेर ठेवलं, त्याच समाजाची कला बघायला रात्री अख्खं गाव कनातीत बसायचं.

जुलै 1935 मध्ये भाऊंच्या घरी मुलगी झाली. फड त्या वेळी पंढरपुरात होता. विठ्ठलाच्या गावात जन्म झाला म्हणून नाव ठेवलं विठा, असं सांगतात.

फडातल्या पोरांना वेगळी शाळा नसते. ढोलकी, हलगी आणि तुणतुण्याच्या आवाजातच ती झोपतात आणि त्याच आवाजात उठतात. विठाही तशीच शिकली. आता ढोलकी फडाचा तमाशा म्हणजे नुसती लावणी नाही. आधी गण, मग गवळण, बतावणी, लावण्या आणि शेवटी वग. म्हणजे एकाच बाईला गवळणीत लाजायचं असतं, लावणीत आग लावायची असते आणि वगात लोकांना रडवायचं असतं, तेही उघड्या माळावर आणि रात्र सरेपर्यंत. विठाबाईंना हे सगळं यायचं. गळा होता, पायात ताल होता आणि अभिनयही होता.

त्यात काळ अवघड होता. स्वातंत्र्यानंतर लगेचच सरकारनं अश्लीलतेचं कारण देत तमाशावर काही काळ बंदी घातली होती. पुढं बंदी उठली, पण वगाच्या संहितांना सरकारी चाळणी लागली. म्हणजे विठाबाई वयात येत होत्या, तेव्हा त्यांचा धंदाच सभ्य आहे की नाही यावर वाद चालू होता.

आणि त्याच विठाबाईंचा 1957 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. वय होतं जेमतेम बावीस. 1962 मध्ये चीनशी युद्ध झालं, तेव्हा जवानांसाठीही त्यांनी कार्यक्रम केले. लोकांनी त्यांना तमाशासम्राज्ञी म्हणायला सुरुवात केली. पुढं फडही त्यांच्याच नावानं ओळखला जाऊ लागला, विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. वडलांचं नाव आणि जात, दोन्ही तसंच राहिलं.

आता तो किस्सा.

विठाबाईंना नववा महिना होता आणि प्रयोग चालू होता. कळा सुरू झाल्या तशा त्या मागं गेल्या. तिथंच मुलगा झाला. दगडानं नाळ ठेचून तोडली, बाळ बायकांकडं दिलं आणि लुगडं सावरून पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. काही वेळानं लोकांच्या लक्षात आलं की बाईंचं पोट दिसत नाही. झाला प्रकार कळल्यावर प्रेक्षकांनी हात जोडले आणि विश्रांती घ्यायला सांगितलं.

हे वाचून अंगावर काटा येतो आणि आपण म्हणतो, केवढी ही कलेवरची निष्ठा! निष्ठा होतीच. पण जरा फडाचं गणित बघा.

ढोलकी फडात कलाकार असतात, वादक असतात, तंबू ठोकणारे असतात, गाडीवाले असतात, स्वयंपाक करणारे असतात. गावानं सुपारी दिलेली असते किंवा लोकांनी तिकीट काढलेलं असतं. ते सगळे आलेले असतात मुख्य कलावंतिणीसाठी. ती उभी राहिली नाही तर पब्लिक बिथरतं, पैसे परत मागतं, आणि फडातल्या सगळ्यांच्या पोटावर पाय येतो. तिथं बाळंतपणाची रजा नसते, पगार नसतो, पेन्शन नसते. विठाबाई पुन्हा उभ्या राहिल्या त्यात कला होती आणि इतक्या माणसांची जबाबदारीही होती. दुसरी बाजू सोडून नुसतं कौतुक करणं सोपं आहे.

या धावपळीतच त्यांचा संसारही झाला. वेगळं घर असं नव्हतंच, फड हेच घर. मुलं तिथंच वाढली आणि तिथंच शिकली. त्यांची मुलगी मंगला बनसोडे यांनी पुढं स्वतःचा फड उभा केला आणि त्याही महाराष्ट्रभर गाजल्या. नारायण खुड्यांपासून मोजलं तर ही चौथी पिढी.

1990 मध्ये विठाबाईंना पुन्हा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला.

पण सन्मानानं घर चालत नाही. पाय थकले, तशी कमाई थांबली. शेवटची वर्षं हलाखीत गेली. ज्या बाईसाठी गावंच्या गावं बैलगाड्या जुंपून यायची, तिच्या दवाखान्याचं बिल लोकांनी दिलेल्या मदतीतून भरावं लागलं. 15 जानेवारी 2002 ला विठाबाई गेल्या. वय होतं 66.

त्यानंतर काही वर्षांतच राज्य सरकारनं त्यांच्या नावानं तमाशातल्या ज्येष्ठ कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पहिला पुरस्कार कांताबाई सातारकरांना मिळाला. पुढं नाशिकचं नाव आडनावासोबत मिरवणाऱ्या राधाबाई खोडे-नाशिककर यांनाही तो मिळाला. म्हणजे ज्या बाईला म्हातारपणी आधार मिळाला नाही, तिच्या नावानं आता दुसऱ्यांच्या म्हातारपणाला थोडा आधार मिळतो.

हंगाम आला की नारायणगावात आजही राहुट्या लागतात. नाशिकहून पुण्याला जाताना त्या दिसल्या, तर एवढं आठवा की त्यांच्यामागंही कुणाचं तरी घर चालू असतं. तिथं चूल पेटलेली असते, पोरं झोपलेली असतात आणि एखादी बाई रात्रीच्या खेळासाठी पायात चाळ बांधत असते.