रक्तातील प्रतिकारशक्तीचे माप घेणारे डॉ. पॉल एर्लिख

रक्त तपासून अँटिबॉडीचा आकडा लिहिलेला कागद हाती येणे ही आता घरोघरची गोष्ट झाली आहे. रक्तातील ह्या प्रतिपिंडांना शास्त्रशुद्ध माप लावले ते डॉ. पॉल एर्लिख ह्या ज्यू संशोधकांनी. उपदंशावरील औषधामुळे त्यांचे नाव पुष्कळांना ठाऊक असेल. आम्हांला येथे त्यांच्या कार्याची दुसरी बाजू सांगावयाची आहे, कारण त्वचेच्या कर्करोगासंबंधी आज जो विचार चालतो त्याचा एक धागा त्यांच्यापाशी जाऊन पोहोचतो.

त्यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी सायलेशियातील स्ट्रेलेन गावी झाला. हा मुलूख तेव्हा प्रशियाचा होता, आज पोलंडमध्ये आहे. वडील मद्य गाळण्याचा धंदा करीत. आईच्या माहेरचे नातलग कार्ल वायगर्ट हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी पेशींना रंग देत. त्यांच्यामुळे पॉल यांना रंगांचा जो नाद लागला तो जन्मभर सुटला नाही. १८७८ साली त्यांनी लाइपझिग येथे डॉक्टरची पदवी मिळविली, तीही ह्याच विषयावर प्रबंध लिहून. पुढे बर्लिनच्या इस्पितळात त्यांनी रक्तातील पांढऱ्या पेशींचे निरनिराळे प्रकार रंगांच्या साहाय्याने ओळखून दाखविले. १८८८ साली स्वतःच्याच थुंकीत त्यांना क्षयाचे जंतू दिसले. हवापालटासाठी ते इजिप्तला गेले आणि बरे होऊन परतले.

त्यानंतरचे प्रयोग आपल्या लोकांनी मुद्दाम लक्षात घ्यावेत असे आहेत. त्यांनी उंदरांवर दोन विषे वापरली, एक एरंडाच्या बियांतले व दुसरे गुंजेतले. सोनाराच्या काट्यावरची लाल-काळी गुंज आपण सर्वांनी पाहिली आहे, आणि एरंडाची ओळख शनवार तेल्यांच्या वंशजांना करून द्यायला नको! प्रथम अगदी थोडे विष देऊन ते हळूहळू वाढवीत गेले, तेव्हा काही आठवड्यांनी तेच उंदीर शेकडो पटींनी अधिक विष पचवू लागले. विषाला अडविणारा पदार्थ रक्तात तयार होतो, आणि तो किती आहे हे मोजता येते, हे यातून दिसले. उंदरीच्या दुधातून तो पिलांना मिळतो हेही त्यांनी दाखवून दिले.

या मोजणीची गरज लवकरच भासली. घटसर्पाने तेव्हा असंख्य मुले दगावत. एमिल बेहरिंग यांनी जनावरांच्या रक्तरसापासून त्यावर उपाय काढला, पण त्याची ताकद दर खेपेस निराळी भरे. एका मुलाला गुण येई, दुसऱ्याला तेवढ्याच मात्रेने काहीच होत नसे. एर्लिख यांनी १८९७ साली प्रमाणभूत रक्तरस ठरवून, तो वाळवून, निर्वात नळीत थंड व अंधाऱ्या जागी जपून ठेवला. प्रत्येक नवा रक्तरस त्याच्याशी ताडून पाहता येऊ लागला. औषधाचा पैसा व मोठा नावलौकिक मात्र बेहरिंग यांच्या वाट्याला गेला. आमच्या मते एर्लिख यांच्यावर हा अन्यायच झाला.

१९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्याबरोबर ते विभागून मिळाले मेच्निकोव्ह यांना. मुंबईत प्लेगची लस तयार करणारे आपले हाफकिन साहेब हे ह्याच मेच्निकोव्ह यांचे शिष्य. परळची संस्था त्यांच्याच नावाने चालते.

फ्रँकफुर्टला एर्लिख उंदरांच्या गाठींवर प्रयोग करीत होते. १९०९ साली त्यांनी असा विचार मांडला की, शरीरात बिघडलेल्या पेशी वारंवार उत्पन्न होत असतात, पण शरीराचे संरक्षण त्यांना दाबून ठेवते, नाही तर कर्करोग भयंकर प्रमाणात आढळला असता. हे सिद्ध करण्याची साधने त्या काळी नव्हती. पुढे मूत्रपिंडाचे रोपण होऊ लागले. परके मूत्रपिंड टिकावे म्हणून रोग्याची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबावी लागते, आणि अशा रोग्यांत त्वचेचा कर्करोग इतरांपेक्षा अनेक पटींनी अधिक आढळला. पहारा उठला की चोर शिरतो, तसेच हे झाले.

मग प्रतिपिंडांचा आकडा पाहून हा धोका सांगता येईल काय? त्वचेवर राहणाऱ्या काही पॅपिलोमा विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडे त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाच्या रोग्यांत अधिक वेळा सापडतात, असे काही पाहण्यांतून दिसून आले आहे. प्रतिपिंडांमुळे कर्करोग होतो असा याचा अर्थ नव्हे. विषाणू अंगात येऊन गेल्याची ती खूण आहे, आणि मुख्य कारण उन्हातील अतिनील किरण हेच राहते. घटसर्पात आकडा मोठा म्हणजे संरक्षण मोठे; येथे तसे म्हणता येत नाही. तेव्हा कागद पाहून कोणी घाबरू नये किंवा निर्धास्तही होऊ नये. आपला वर्ण सावळा म्हणून धोका कमी, हे खरे. पण न भरणारी जखम, बदलणारा तीळ, तळपायावरचा नवा काळा डाग डॉक्टरांना दाखवावाच. २०११ सालापासून तिळासारख्या दिसणाऱ्या घातक मेलनोमावर प्रतिपिंडेच औषध म्हणून दिली जाऊ लागली आहेत. एर्लिख यांना ह्याचे नवल वाटले नसते.

उपदंशावरचे सॅल्व्हरसान हे औषध १९१० साली बाजारात आले. त्यामुळे कीर्ती झाली, तशी निंदाही, आणि त्या निंदेत ज्यूद्वेष मिसळलेला होता. त्यांनी धर्म सोडला नाही. विद्यापीठातील पूर्ण प्राध्यापकपद त्यांना साठाव्या वर्षी, १९१४ साली मिळाले. त्याच वर्षी वाइझमन त्यांना भेटले, आणि यरुशलेमच्या नियोजित हिब्रू विद्यापीठाच्या कामी साहाय्य करण्यास त्यांनी होकार दिला. पण २० ऑगस्ट १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. फ्रँकफुर्टच्या ज्यू कबरस्तानात त्यांची कबर आहे.

नाझींनी १९३८ साली त्यांच्या नावाच्या रस्त्याची पाटी काढली, आणि त्यांच्या पत्नी हेडविग यांना देश सोडून अखेर अमेरिकेत जावे लागले. १९४७ साली रक्तरस तपासणारी त्यांची संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. आता ती फ्रँकफुर्टजवळ लांगेन येथे असून जर्मनीत वापरल्या जाणाऱ्या लशी तीच तपासते.