सत्काराच्या मैदानातच निषेध नोंदवणारा जॅकी रॉबिन्सन!

दरवर्षी १५ एप्रिलला अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये सगळे खेळाडू एकाच नंबरची जर्सी घालतात: ४२. तो नंबर जॅकी रॉबिन्सनचा. याच तारखेला १९४७ मध्ये तो ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळला आणि गोऱ्यांपुरत्याच राहिलेल्या लीगचं दार उघडलं. एवढी गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पण खरा जॅकी या गोष्टीच्या आधी आणि नंतर भेटतो.

जन्म १९१९ चा, जॉर्जियातला. आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. आई कॅलिफोर्नियात लोकांच्या घरी कामं करून पाच मुलं वाढवत होती. मोठा भाऊ मॅक बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटर शर्यतीत जेसी ओवेन्सच्या मागोमाग दुसरा आला. घरी परतल्यावर मात्र त्याच्या हातात रस्ते झाडायचा झाडू आला.

१९४४ मध्ये जॅकी सैन्यात लेफ्टनंट होता. टेक्सासमध्ये बसच्या ड्रायव्हरने त्याला मागे जाऊन बसायला सांगितलं. तो जागचा हलला नाही. प्रकरण कोर्ट मार्शलपर्यंत गेलं, तिथून तो निर्दोष सुटला. रोझा पार्क्सच्या प्रसंगाला अजून ११ वर्षं होती!

अशा तापट माणसाकडून डॉजर्सच्या ब्रँच रिकीने वचन घेतलं: सुरुवातीला कुणी काहीही केलं तरी उलट बोलायचं नाही. फिलाडेल्फियाच्या टीमचा मॅनेजर बेन चॅपमन आणि त्याचे खेळाडू मैदानात जॅकीला रंगावरून घाणेरड्या शिव्या देत राहिले. जॅकी गप्प राहिला. त्या वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला, १९४९ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू. तोवर वचनाची मुदत संपली होती, आणि पंचांशी, पत्रकारांशी तो तोंडावर बोलू लागला. मग तोच 'भांडखोर' ठरला. सोसणारा जॅकी लोकांना आवडत होता, बोलणारा नाही.

१९५६ नंतर तो निवृत्त झाला. काळे खेळाडू भरपूर आले, पण मॅनेजर एकही काळा नव्हता. म्हणून १९६९ मध्ये यांकी स्टेडियमवरच्या जुन्या खेळाडूंच्या सामन्याचं आमंत्रण त्याने नाकारलं.

१५ ऑक्टोबर १९७२. सिनसिनाटीत वर्ल्ड सिरीजचा सामना. जॅकीच्या पदार्पणाला २५ वर्षं झाली म्हणून सत्कार. वय फक्त ५३, पण केस पांढरे, मधुमेहाने नजर जवळपास गेलेली. त्याने आभार मानले आणि त्याच माइकवरून सांगून टाकलं, की तिसऱ्या बेसजवळ कोचच्या जागी एखादा काळा मॅनेजर दिसेल तेव्हा आपल्याला जास्त आनंद आणि अभिमान वाटेल. राष्ट्रगीताला उभं राहून ते गाणं आपल्याला जमत नाही, हे त्याने त्याच वर्षीच्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं. कॉलिन केपरनिकचा गुडघा टेकायला अजून ४४ वर्षं होती.

त्या भाषणानंतर नवव्या दिवशी जॅकी गेला. फ्रँक रॉबिन्सन (नातेवाईक नव्हे, फक्त आडनाव एक) क्लीव्हलँडचा मॅनेजर म्हणून मैदानात उतरला तो एप्रिल १९७५ मध्ये. स्टेडियममध्ये जॅकीची पत्नी रेचेल हजर होती.