दान घेणाऱ्यांचे कर्तव्य

दान देणाऱ्याची स्तुती करण्यात आपला समाज कधीही मागे राहिलेला नाही. कर्णाची कवचकुंडले आणि बळीची त्रिपाद भूमी ह्या कथा आपणां सर्वांस बालपणापासून परिचित आहेत. परंतु दान घेणाऱ्याने काय पाहावे, कोणत्या अटीवर हात पुढे करावा आणि घेतलेले कसे सांभाळावे, ह्याविषयी आपल्याकडे फारसा ऊहापोह होत नाही. एखाद्या गृहस्थाने स्वतःपुरते दान घेतले तर त्याचे बरेवाईट फळ त्याच्या घरापुरतेच राहते. नगरपालिका, ग्रामपंचायत किंवा सरकार जेव्हा दान घेते तेव्हा ते समस्त लोकांच्या वतीने घेते, आणि त्या दानाबरोबर येणारा भारही लोकांच्याच माथी पडतो. म्हणून ज्या पुरुषाच्या दानशीलतेने मुंबईचे व पुण्याचे रूप बदलले, त्या सर जमशेटजी जिजीभाई यांच्या चरित्राकडे आज आम्ही जरा निराळ्या दृष्टीने पाहणार आहो. त्यांनी किती दिले हे पुष्कळांनी लिहिले आहे. ते कसे दिले व कसे घेतले गेले, हा आमचा विषय आहे.

आरोंद्यासारख्या तेरेखोल खाडीच्या काठी वसलेल्या गावास मुंबईच्या एका पारशी व्यापाऱ्याचे वृत्त कशाकरिता सांगावे, अशी शंका कोणास येईल. तिचे उत्तर पुढील हकिकतीतच आहे. जमशेटजींच्या घराण्याचे सर्वांत संस्मरणीय दान हे एका खाडीवरील वाटेचे आहे. आणि पैलतीर डोळ्यांसमोर असूनही तेथे पोचण्यास होडीची व भरतीओहोटीची वाट पाहणे म्हणजे काय, हे आरोंद्याच्या वाचकास निराळे समजावून द्यावे लागत नाही.

जमशेटजींचा जन्म १७८३ सालचा. बालपण नवसारीस गरिबीत गेले. शिक्षण जेमतेम, पुढे वडील व आई दोघेही वारल्यावर, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, ते मुंबईस आपले मामा फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला यांच्या आश्रयास आले. मामांचा धंदा जुन्या बाटल्यांच्या खरेदी-विक्रीचा. त्याच धंद्यात भाच्याने हिशेब व व्यवहार यांचे पहिले धडे घेतले, आणि १८०३ साली मामांची कन्या आवाबाई हिच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर कापूस व अफू यांच्या व्यापारानिमित्त त्यांनी चीनच्या अनेक सफरी केल्या. १८०५ साली ब्रन्सविक नावाच्या जहाजावर असता फ्रेंचांनी ते जहाज पकडले व जमशेटजींस कैदी होऊन केप ऑफ गुड होपपर्यंत जावे लागले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन हा शल्यवैद्य होता. पुढे त्याने वैद्यकी सोडून चीनच्या व्यापारात मोठे नाव मिळविले, आणि ह्या ओळखीतून जमशेटजींचाही उत्कर्ष झाला. चाळिशी गाठण्यापूर्वीच मुंबईच्या अग्रगण्य धनिकांत त्यांची गणना होऊ लागली. १८४२ साली त्यांस नाइट ही पदवी व १८५७ साली बॅरोनेट ही पदवी मिळाली. हे दोन्ही मान मिळालेले ते पहिलेच हिंदी गृहस्थ होत. १८५९ च्या एप्रिलमध्ये त्यांचा देहान्त झाला.

त्या काळी मुंबईस आजच्यासारखी महानगरपालिका नव्हती. ती १८७२ साली आली आणि तिचा सध्याचा कायदा १८८८ सालचा. जमशेटजींच्या हयातीत शहराची व्यवस्था जस्टिस ऑफ द पीस म्हणविणाऱ्या नेमलेल्या गृहस्थांकडे असे, व वरचा हात कंपनी सरकारचा असे. १८३४ साली ह्या मंडळींत प्रथमच हिंदी गृहस्थ घेण्यात आले. त्यांत जगन्नाथ शंकरशेट होते, तसेच जमशेटजीही होते. म्हणजे शहरास देणारा आणि शहराचा कारभार पाहणारा हे दोन्ही अधिकार कित्येक वेळा एकाच पुरुषाच्या ठायी एकवटत. जमशेटजींच्या बाबतीत त्यातून अनर्थ झाला असे आम्ही म्हणत नाही. परंतु जी गोष्ट एका थोर पुरुषाच्या सौजन्यावर अवलंबून राहते, तिला नियम म्हणता येत नाही.

आता त्यांची दाने पाहू. १८३८ साली त्यांनी मुंबईत गोरगरिबांकरिता रुग्णालय बांधण्यास एक लाख रुपये देऊ केले, मात्र सरकारनेही आपला वाटा उचलला पाहिजे असे बजावले. ही अट फार विचाराची होती. रुग्णालयाची इमारत एकदा उभी राहते, पण वैद्य, औषधे, खाटा व अन्न हा खर्च रोजचा असतो. तो ज्याने पुढे चालवावयाचा त्यास प्रथमपासूनच गुंतवून घेतले नाही, तर इमारत उभी राहते आणि रोगी उपाशी राहतो. १८४३ साली कोनशिला बसली व १८४५ साली रुग्णालय सुरू झाले. देऊ केल्यापासून सात वर्षे लोटली. पण ज्या पायावर ते उभे राहिले तो इतका पक्का ठरला की आजही जे. जे. रुग्णालय सरकारी खर्चाने चालत आहे. कला विद्यालयाकरिता १८५३ साली त्यांनी दिलेल्या लाख रुपयांतून १८५७ साली जे विद्यालय निघाले, त्याचीही गोष्ट अशीच आहे.

दुसरे दान माहीमच्या खाडीचे. मुंबई बेट व साष्टी यांच्यामध्ये माहीम आणि वांद्रे येथे खाडी आडवी येत असे. होड्यांतून ये-जा करावी लागे, आणि पावसाळ्यात होड्या उलटून माणसे बुडत. लोकांनी वाटेची मागणी केली. कंपनी सरकारने खर्चास नकार दिला. तेव्हा आवाबाई पुढे झाल्या. आरंभी एक लाखाचा अंदाज होता. काम वाढले, पैसा अपुरा पडला, तेव्हा आणखी सत्तावन्न हजार त्यांनीच दिले. १८४५ साली वाट पुरी झाली. बाईंची अट एकच होती : ह्या वाटेवर सरकारने कोणाकडूनही पथकर घेऊ नये. आमच्या मते संपूर्ण चरित्रातील अत्यंत मोलाची गोष्ट ती हीच. दात्याची अट स्वतःच्या फायद्याची नव्हती, की नुसत्या नावाची नव्हती. वांद्र्याहून भाजीची पाटी घेऊन येणाऱ्या बाईस व माहीमच्या कोळ्यास ती वाट सदैव मोफत असावी, एवढ्याकरिता ती होती. आणि ती बंधनकारक होती ती सरकारवर. त्याच खाडीच्या मुखाजवळून जाणारा सागरी सेतू २००९ साली लोकांच्या पैशाने झाला, तेव्हा त्यावर पथकर बसविण्यात आला. शेजारची दीडशे वर्षांहून जुनी वाट मात्र दात्रीच्या शब्दाने मोकळी झालेली होती.

तिसरे दान पुण्याचे. मुळा-मुठेवर बंधारा घालून यंत्राने पाणी चढवून पुण्यास पुरविण्याची ती योजना होती. बंधारा १८५० साली पुरा झाला. एकंदर खर्च अडीच लाखांच्या वर गेला. त्यांपैकी सुमारे पावणेदोन लाख जमशेटजींचे. म्हणजे दान मोठे असूनही ते पुरले नाही, व उरलेला भार सरकारी तिजोरीस उचलावा लागला. पुढे खडकवासल्याच्या धरणाचे पाणी पुण्यास मिळू लागले आणि बंधाऱ्याचा मूळ हेतू मागे पडला. आज बंडगार्डन ह्या नावाने लोक त्या जागी फिरावयास जातात. दानाचा हेतू कालांतराने संपू शकतो, हे ह्यावरून उघड होते. तो संपल्यावर त्या जागेचे वा पैशाचे काय करावे, हे दानपत्रातच लिहून ठेवणे शहाणपणाचे असते. नाही तर नातवंडांच्या काळी कज्जे सुरू होतात.

मुंबईत आणखी एक कथा सांगितली जाते. गुरांच्या चराईवर सरकारने कर बसविला तेव्हा जमशेटजींनी स्वतःच्या पैशाने समुद्रालगतची कुरणे विकत घेऊन ती गरिबांच्या गुरांस मोकळी ठेवली. चर्नी रोड हे नाव त्यावरूनच पडले असे म्हणतात. नावाची व्युत्पत्ती कशीही असो, ह्या कथेतून दिसणारा दाता माहीमच्या दात्रीस शोभणाराच आहे.

येथवर स्तुती झाली. आता अप्रिय गोष्ट. ह्या संपत्तीचा मोठा भाग अफूचा होता. हिंदुस्थानात पिकलेली अफू चीनमध्ये तेथील राजाज्ञेविरुद्ध विकली जाई. १८३९ साली कँटन येथे चिनी अधिकाऱ्याने वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या व त्यावरून युद्ध पेटले. ज्या दशकात मुंबईच्या रोग्यांकरिता रुग्णालय उभे राहत होते, त्याच दशकात चीनच्या घराघरांत व्यसनाने माणसे झिजत होती. तर मग मुंबईने तो पैसा नाकारावयास हवा होता काय? आम्ही तसे म्हणत नाही. रुग्णालयात बरा झालेला प्रत्येक गरीब त्या प्रश्नाचे एक उत्तर आहे. परंतु पैसा घेणे निराळे आणि पैसा कोठून आला हे विचारण्याचा अधिकार गहाण टाकणे निराळे. दानशूराचे गुण गाताना त्याच्या व्यापाराविषयी मौन धरणे ही कृतज्ञता नव्हे. ती मिंधेपणा होय. तत्कालीन सरकारने हा प्रश्न विचारला नाही, कारण अफूच्या उत्पन्नात ते स्वतःच मोठे भागीदार होते.

आमच्या पुराणातही असा सावधगिरीचा आवाज आहे. बळी उदक सोडण्यास निघाला तेव्हा शुक्राचार्याने त्यास पुढचे परिणाम आधीच सांगितले. त्याचा सल्ला न मानल्यावर तो झारीच्या तोटीत जाऊन बसला, आणि लोकांस तो तेवढाच आठवतो. आमच्या सार्वजनिक संस्थांत झारीतले शुक्राचार्य पुष्कळ आहेत. उणीव आहे ती उदक सोडण्यापूर्वी उघडपणे प्रश्न विचारणाऱ्याची. हा प्रश्नकर्ता दात्याचा शत्रू नसतो. १९२६ साली मुंबई महानगरपालिकेने शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले, तेव्हा तेथील जागा हिंदी वैद्यांसच द्याव्यात ही देणगीची अट तिने मान्य केली. ब्रिटिश अमलात ही अट धाडसाची होती, आणि ती लोकांच्या हिताची होती म्हणून ती स्वीकारणे हा पालिकेचाही गौरव होय. अट आहे म्हणून दान वाईट ठरत नाही. अट कोणाच्या हिताची आहे, एवढेच पाहावयाचे असते.

कायद्यानेही घेणाऱ्यास पुष्कळ साधने दिली आहेत. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याप्रमाणे स्थावराचे दान नोंदणीकृत दस्ताने, दात्याच्या सहीने व किमान दोन साक्षीदारांच्या साक्षीने झाले पाहिजे. आणि त्याचा स्वीकार दात्याच्या हयातीतच झाला पाहिजे. तोंडी दिलेली जमीन ही दिलेली जमीन नव्हे. तोच कायदा असेही सांगतो की, एकाच दानात काही वस्तू लाभाच्या व काही भाराच्या असतील, तर घेणाऱ्याने सर्व घ्यावे अथवा काहीच घेऊ नये. गोड तेवढे उचलून कडू मागे ठेवता येत नाही. आमच्या ग्रामपंचायतींनी व सावंतवाडी-वेंगुर्ल्यासारख्या नगरपालिकांनी हे वाक्य आपल्या सभागृहात लावून ठेवावे इतके ते उपयुक्त आहे.

कारण आमच्याकडची दाने लहान असली तरी प्रश्न तेच आहेत. कोणी अंगणवाडीकरिता जागा देतो. जागेचा सातबारा मात्र वर्षानुवर्षे त्याच्याच नावे राहतो, आणि पुढे वारसांनी हक्क सांगितला की मुले उघड्यावर येतात. कोणी रुग्णवाहिका देतो. चालकाचा पगार व डिझेल कोण देणार हे ठरलेले नसते, आणि गाडी पंचायतीच्या आवारात गंजते. कोणी व्यापारी एस. टी. थांब्यावर निवारा बांधतो. निवाऱ्यावर त्याच्या दुकानाची पाटी असावी हे न्याय्यच आहे, परंतु निवाऱ्याआडून त्याच्या दुकानाची पायरी रस्त्यावर आली तर ते दान राहत नाही, तो सौदा होतो. आणि घरपट्टी थकविणाऱ्याने देणगी देऊन टाळ्या घ्याव्यात, हे तर लोकांच्याच पैशाने लोकांवर उपकार करणे होय.

ह्याकरिता आमची सूचना साधी आहे. दान स्वीकारण्यापूर्वी ते ग्रामसभेपुढे अथवा पालिकेच्या खुल्या सभेपुढे यावे. दाता स्वतः सभासद असेल तर त्याने त्या ठरावावर मत देऊ नये. दात्याचे संस्थेकडे काही येणे, देणे किंवा परवान्याचा अर्ज पडून आहे काय, हे ठरावातच लिहावे. दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च कोणी करावयाचा, ते आकड्यांनिशी मांडावे. हेतू संपल्यास वस्तूचे काय करावे ते दस्तात नमूद करावे. दानांची एक स्वतंत्र वही असावी, आणि ती कोणाही रहिवाशास पाहण्यास खुली असावी. ह्यांत दात्याचा अपमान काहीच नाही. आपल्या वाचकांत व्यापारी बहुसंख्य आहेत. माल उतरवून घेताना तो मोजून घेणे व पावती देणे हा अविश्वास नव्हे, हे त्यांस ठाऊकच आहे. पेढीवर जी शिस्त आपण पाळतो ती गावाच्या कारभारात का नसावी?

जमशेटजींचे नाव रुग्णालयावर आहे, विद्यालयावर आहे, आणि माहीमहून दादरकडे जाणाऱ्या रस्त्यास त्यांच्या पत्नीचे लेडी जमशेटजी हे नाव आहे. ही नावे कोणाच्या डोळ्यांत खुपत नाहीत, कारण त्या नावांच्या मोबदल्यात शहराने आपला रस्ता विकला नाही. उलट, तो मोफत राहावा म्हणून दात्रीनेच सरकारचे हात बांधले. असे दाते शतकातून एखादे जन्मतात. त्यांच्या अभावी तेवढी दक्षता घेण्याचे काम आमच्या पंचांस व नगरसेवकांस करावे लागेल, आणि ते त्यांनी करावे म्हणून पुढील ग्रामसभेत पहिला प्रश्न विचारण्याचे काम आमच्या वाचकांचे आहे.