विश्लेषण : चार्ल्स बेस्ट यांचा हात लागलेली दोन औषधे… इन्सुलिन आणि हेपरिनच्या ‘युनिट’मधील चूक जीवघेणी का ठरते?

रुग्णालयात हाताला लावलेल्या कॅन्युलातून सलाइन थांबले, की परिचारिका लहान सिरिंजने त्या नळीत थोडा द्रव सोडते. नळीच्या टोकाशी रक्ताची गुठळी होऊन ती बंद पडू नये, हा त्यामागचा हेतू असतो. याला ‘फ्लश’ करणे म्हणतात. हातावरच्या साध्या कॅन्युलासाठी हा द्रव म्हणजे बहुतेक वेळा निव्वळ सलाइन असते. डायलिसिसची किंवा मानेतून मोठ्या शिरेत घातलेली नळी असेल, तर अनेकदा हेपरिन वापरले जाते. हे रक्त गोठू न देणारे औषध रुग्णाच्या खाटेपर्यंत आणण्यात मोठा वाटा असलेले शास्त्रज्ञ म्हणजे चार्ल्स बेस्ट. आपल्याकडे ते ओळखले जातात ते इन्सुलिनच्या शोधातील फ्रेडरिक बँटिंग यांचे सहकारी म्हणून. ही दोन्ही औषधे आज ‘अतिदक्षता’ औषधांच्या यादीत आहेत आणि दोन्ही ‘युनिट’मध्ये मोजली जातात. या युनिटची गोष्ट बेस्ट यांच्या आयुष्याशी जोडलेली आहे.

चार्ल्स बेस्ट कोण होते?

बेस्ट यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८९९ रोजी अमेरिकेतील मेन राज्यात, कॅनडाच्या सीमेजवळील वेस्ट पेम्ब्रोक या गावी झाला. आईवडील मूळचे कॅनडाचे. वडील गावात डॉक्टर होते. पहिल्या महायुद्धात बेस्ट कॅनडाच्या सैन्यात दाखल झाले. परतल्यावर त्यांनी टोरांटो विद्यापीठातून शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्रात १९२१ मध्ये पदवी घेतली. त्याच वर्षी बँटिंग हे तरुण शल्यविशारद स्वादुपिंडातील मधुमेहरोधक घटक शोधण्याची कल्पना घेऊन प्रा. जॉन मॅक्लाऊड यांच्याकडे आले. मॅक्लाऊड यांनी त्यांना प्रयोगशाळा, कुत्रे आणि एक विद्यार्थी मदतनीस दिला. बेस्ट आणि क्लार्क नोबल या दोघांपैकी आधी कोणी काम करायचे, हे नाणे उडवून ठरले असे सांगितले जाते. कौल बेस्ट यांच्या बाजूने लागला. तेव्हा त्यांचे वय होते २२.

बँटिंग शस्त्रक्रिया करत, तर रक्तातील आणि लघवीतील साखर मोजण्याचे काम बेस्ट यांच्याकडे होते. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिले इंजेक्शन दिले गेले. पण अर्क अशुद्ध असल्याने अपेक्षित परिणाम दिसला नाही. जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीपासून देण्यात आला आणि मुलाची साखर उतरली. १९२३ चे नोबेल बँटिंग आणि मॅक्लाऊड यांना मिळाले. बेस्ट यांचे नाव त्यात नव्हते. बँटिंग यांनी आपल्या वाट्याची निम्मी रक्कम बेस्ट यांना, तर मॅक्लाऊड यांनी कॉलिप यांना दिली.

‘युनिट’ आले कुठून?

नोबेलच्या वादात एक गोष्ट मागे पडते. शोधानंतर इन्सुलिनच्या उत्पादनाची जबाबदारी टोरांटोतील कॉनॉट प्रयोगशाळेत बेस्ट यांच्यावर आली. मोठ्या प्रमाणावर अर्क काढायला घेतला, तेव्हा १९२२ च्या सुरुवातीला प्रभावी इन्सुलिन बनेनासेच झाले. पुढे बनू लागले तरी प्रत्येक खेपेचा जोर वेगळा असे. गुरांच्या स्वादुपिंडापासून काढलेल्या या अर्कात शुद्ध औषध किती आणि इतर घटक किती, हे तराजूवर कळत नव्हते. म्हणून वजनाऐवजी परिणाम मोजण्याचा मार्ग निघाला. उपाशी ठेवलेल्या, साधारण दोन किलो वजनाच्या सशाची रक्तशर्करा ठरावीक पातळीपर्यंत उतरवण्यासाठी किती अर्क लागतो, यावरून सुरुवातीचे युनिट ठरले.

म्हणजे युनिट हे ग्रॅमसारखे सर्वत्र सारखे माप नाही. ते त्या त्या औषधाच्या परिणामाचे माप आहे. इन्सुलिनच्या १० युनिटचा आणि हेपरिनच्या १० युनिटचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

बेस्ट हेपरिनकडे का वळले?

हेपरिनचा पहिला शोध बेस्ट यांचा नाही. १९१६ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन हा वैद्यकीय विद्यार्थी रक्त गोठवणाऱ्या द्रव्याचा अभ्यास करत होता. यकृतातून काढलेला एक अर्क नेमका उलट वागतो, रक्त गोठूच देत नाही, असे त्याला आढळले. त्याचे मार्गदर्शक विल्यम हॉवेल यांनी हे काम पुढे नेले. १९१८ मध्ये यकृताच्या ग्रीक नावावरून ‘हेपरिन’ हे नाव रूढ झाले. हॉवेल यांनी त्याचेही युनिट ठरवले : मांजराचे एक मिलिलिटर रक्त शून्य अंश सेल्सिअसला २४ तास पातळ ठेवणारी मात्रा. मात्र बाजारात आलेले हे हेपरिन महाग आणि अशुद्ध होते. ते माणसाला दिल्यास ताप, डोकेदुखी, मळमळ होई.

दरम्यान बेस्ट यांनी १९२५ मध्ये वैद्यकीय पदवी घेतली, लंडनमध्ये हेन्री डेल यांच्याकडे संशोधन केले आणि १९२९ मध्ये, वयाच्या तिशीत, मॅक्लाऊड यांच्या जागी टोरांटोत शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही रक्ताच्या गुठळीने रुग्ण दगावणे तेव्हा नेहमीचे होते. प्राण्यांच्या अवयवातून औषध काढून ते शुद्ध करायचे आणि त्याचा जोर ठरवायचा, ही इन्सुलिनसाठी जमवलेली घडी बेस्ट यांनी हेपरिनसाठी वापरली. कॉनॉटमधील आर्थर चार्ल्स आणि डेव्हिड स्कॉट या रसायनतज्ज्ञांनी गुरांच्या यकृतापासून आणि पुढे फुप्फुसापासून ते काढले. अवयव काही काळ सडू दिले की उत्पन्न वाढते, हे त्यांच्या लक्षात आले. कामाच्या ठिकाणी प्रचंड दुर्गंधी असे. एप्रिल १९३५ मध्ये टोरांटोत शल्यविशारद गॉर्डन मरे यांच्याकडील रुग्णावर वापर सुरू झाला आणि १९३७ पर्यंत निर्धोक देता येईल असे शुद्ध हेपरिन हाती आले. पुढे रक्तवाहिन्यांच्या आणि हृदयाच्या शस्त्रक्रिया तसेच डायलिसिस यामुळे शक्य झाले.

मग चूक कुठे होते?

उपचारासाठीचे आणि नळी फ्लश करण्याचे हेपरिन हे एकच औषध आहे. फरक फक्त तीव्रतेचा. फ्लशसाठी एका मिलिलिटरमध्ये १० किंवा १०० युनिट असतात. उपचाराच्या कुप्यांमध्ये हेच प्रमाण १,०००, ५,००० किंवा १०,००० युनिटपर्यंत जाते. भारतात एक हजार आणि पाच हजार युनिट प्रति मिलिलिटरच्या पाच मिलिलिटरच्या कुप्या सर्रास मिळतात. कुपी दिसायला सारखी, आतला द्रवही पाण्यासारखा.

२००६ मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे नवजात बालकांच्या विभागात १० युनिटच्या जागी १० हजार युनिटच्या कुप्या ठेवल्या गेल्या. तीन बाळांचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये अभिनेते डेनिस क्वेड यांच्या नवजात जुळ्यांना असाच हजारपट डोस दिला गेला. सुदैवाने ती वाचली. दोन्ही कुप्यांच्या लेबलांवर निळ्याच रंगाच्या छटा होत्या. त्यानंतर लेबल बदलण्यात आले.

दुसरी गल्लत थेट बेस्ट यांच्या दोन औषधांमधली. इन्सुलिन आणि हेपरिन दोन्ही लहान कुप्यांत येतात, दोन्ही रोज लागतात म्हणून शेजारी ठेवली जातात आणि दोन्ही युनिटमध्ये लिहिली जातात. हेपरिन समजून इन्सुलिन दिले गेल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदल्या आहेत. अशा रुग्णाची साखर अचानक कोसळते आणि कारण लवकर लक्षातही येत नाही.

खबरदारी कोणती?

पहिली खबरदारी म्हणजे गरज नसेल तिथे हेपरिन न वापरणे. मोठ्या माणसांच्या हातावरील कॅन्युलासाठी साधे सलाइन पुरते, हे अभ्यासांतून दिसले आहे. जिथे हेपरिन लागते, तिथे वॉर्डात पातळ करण्यापेक्षा आधीच भरलेल्या सिरिंज अधिक सुरक्षित असतात. तीव्र कुप्या वॉर्डातील साठ्यातून दूर ठेवणे, इन्सुलिन आणि हेपरिन वेगळ्या कप्प्यात ठेवणे, भरलेल्या प्रत्येक सिरिंजवर नाव व प्रमाण लिहिणे आणि दोघांनी स्वतंत्रपणे तपासणे, हे नियम त्यासाठीच आहेत. ‘युनिट’साठी केवळ इंग्रजी ‘यू’ लिहू नये, कारण घाईत तो शून्यासारखा वाचला जातो आणि डोस दहापट होतो.

डायलिसिसच्या नळीत भरून ठेवलेले हेपरिन तीव्र असते. ते नळीच्या आतील जागेइतकेच भरावे लागते आणि पुढच्या वेळी आधी बाहेर ओढून टाकावे लागते. नाही तर ते एकदम रक्तात जाते. हेपरिन जास्त झाल्यास त्याचा परिणाम प्रोटामिन या औषधाने उतरवता येतो. काही रुग्णांत मात्र फ्लशच्या अल्प मात्रेनेही, साधारण ५ ते १० दिवसांत, प्लेटलेट घटतात आणि उलट गुठळ्या होऊ लागतात. आधी कधी असा त्रास झाला असेल, तर तो दाखल होतानाच सांगायला हवा.

बेस्ट यांचे पुढे काय झाले?

१९४१ मध्ये बँटिंग विमान अपघातात गेले. त्यानंतर दोघांच्या नावे चालणाऱ्या संशोधन विभागाची धुरा बेस्ट यांनी १९६७ पर्यंत सांभाळली. दुसऱ्या महायुद्धात जखमींसाठी वाळवलेल्या रक्तद्रवाचा कॅनडातील प्रकल्प त्यांच्याच पुढाकाराने उभा राहिला. ३१ मार्च १९७८ रोजी टोरांटोत त्यांचे निधन झाले. इन्सुलिन आणि हेपरिन दोन्हींच्या बाबतीत त्यांचे मोठे काम शोधानंतरचे होते : बेभरवशाच्या अर्काला ठरावीक जोर देणे. कुपीवर छापलेला युनिटचा आकडा त्याच खटाटोपातून आला. तो वाचून दाखवा, असे नातेवाइकाने परिचारिकेला सांगितले तर त्यात गैर काही नाही.