संत पौलाचे सोबती

एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात ग्रंथ, अशी संत पौलाची मूर्ती आपण पाहतो. मूर्तीत तो एकटा उभा असतो. त्यामुळे ग्रीसची शहरे आणि बेटे या माणसाने एकट्यानेच पालथी घातली असा आपला समज होतो. पण 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक सावकाश वाचले की त्याच्या सोबत्यांची नावे एकामागून एक भेटू लागतात.

त्या प्रवासाची सुरुवात मात्र भांडणाने झाली. इसवी सन ५० च्या सुमाराची ही गोष्ट. पौलाच्या परिवर्तनानंतर यरुशलेमचे शिष्य त्याला घाबरत होते, तेव्हा बर्णबानेच त्याला प्रेषितांकडे नेले होते. पहिला मिशन प्रवास दोघांनी मिळून केला होता. त्या प्रवासात मार्क त्यांना अर्ध्यावर सोडून परतला होता. आता बर्णबाला मार्कला पुन्हा बरोबर न्यायचे होते, पौलाला ते मान्य नव्हते. वाद इतका वाढला की जिवाभावाचे दोघे मित्र वेगळे झाले. बर्णबा मार्कला घेऊन सायप्रसला गेला. पौलाने सीलाला बरोबर घेतले.

वाटेत लुस्त्र गावी तरुण तिमथी येऊन मिळाला. त्रोवस बंदरात पौलाला मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त झाला. येथून पुस्तकाची भाषा बदलते. 'ते गेले' ऐवजी 'आम्ही गेलो' असे शब्द येतात. परंपरेनुसार हा नवा सोबती म्हणजे वैद्य लूक. समथ्राके बेटावरून ते नियापुलीला, म्हणजे आजच्या कावाला बंदरात, उतरले आणि फिलिप्पैला पोहोचले. जांभळी वस्त्रे विकणाऱ्या लुदियाने त्यांना आग्रहाने आपल्या घरी ठेवून घेतले. याच शहरात पौल आणि सीला यांना फटके बसले. पाय खोड्यात अडकलेले असताना मध्यरात्री दोघांनी मिळून देवाची स्तोत्रे गायली.

थेस्सलनीकात यासोनाने त्यांना आसरा दिला आणि त्यापायी लोकांनी त्यालाच अधिकाऱ्यांपुढे ओढत नेले. बिरुयाच्या बंधूंनी पौलाला अथेन्सपर्यंत पोहोचवले. तेथे मात्र तो काही काळ सोबत्यांची वाट पाहत एकटा राहिला. अरीयपगावर त्याचे बोलणे ऐकून काहींनी थट्टा केली, थोड्यांनी विश्वास ठेवला. पुढे करिंथला आपण भीतभीत, थरथरत आलो होतो, हे त्याने स्वतःच पत्रात लिहून ठेवले आहे. तेथे अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याने त्याला घर दिले. सम्राट क्लौद्याच्या हुकुमामुळे त्यांना रोम सोडावे लागले होते. त्यांचा धंदा तंबू करण्याचा, पौलाचाही तोच. मग सीला आणि तिमथी येऊन पोहोचले. पौल करिंथमध्ये दीड वर्ष राहिला.

पुढच्या प्रवासात, परतीच्या वाटेवर तर एकदम सात सोबत्यांची नावे येतात. लेस्बोसचे मितिलीनी, खिओस, सामोस असे करत जहाज मिलेतला लागले. तेथे इफिसच्या वडीलजनांनी पौलाबरोबर गुडघे टेकून प्रार्थना केली आणि त्याच्या गळ्यात पडून ते रडले. आता त्याचे दर्शन पुन्हा होणार नाही, हे त्यांना कळले होते.

शेवटी रोमचा तुरुंग. तिमथीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल कळवतो की कोणी सोडून गेले, कोणी दूर आहेत, त्रफिम आजारी म्हणून मिलेतला राहिला, जवळ फक्त लूक आहे. आणि मग तो तिमथीला विनंती करतो की येताना मार्कलाही घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. ज्याच्यामुळे बर्णबाशी ताटातूट झाली, तोच हा मार्क!

आम्हांला वाटते, पौलाचे मोठेपण समुद्र ओलांडण्यात आहे, तसेच या एका विनंतीतही आहे. आपल्या धर्मग्रामातही काम अर्ध्यावर सोडून गेलेला एखादा मार्क असेल. गायनमंडळात, युवक मंडळात, कदाचित आपल्या घरातही. २९ जूनला संत पेत्र आणि संत पौल यांचा सण साजरा करताना आपण त्याला निरोप धाडूया. आणि तो आला तर मागचे काही न विचारता त्याला आपल्या शेजारी जागा देऊया.